ताईच्या बुटाच्या पट्ट्या

३ ऑगस्ट

प्रिय टक्या,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. आधी कामाचं. नोव्हेंबरात माझ्या क्लासला तीस वर्षं होतायत. शेवटच्या रविवारी कार्यक्रम ठरवलाय. हॉल मिळाला, पियानोवाल्या बाई तयार आहेत, मुलींच्या आया आत्तापासून झालरींवरून भांडायला लागल्यात. राहिलास फक्त तू. आपण दोघांनी आपल्या नाचाच्या मास्तरांचा ‘सवालजवाब’ करायचा. अख्खा. मधला पाच पायऱ्यांचा तुकडासुद्धा गाळायचा नाही.

नाही म्हणू नकोस. सतरा वर्षं झाली आपल्याला एका फळीवर उभं राहून. मी इथे मुलींना टॅप डान्सचे पहिले ठोके शिकवत बसले आणि तू तिकडे मोठ्या थिएटरच्या कंपनीत पहिल्या रांगेत नाचायला लागलास. चांगलंच झालं, मी जळत नाही. बरं, जळते थोडीशी. पण माझ्या मुलींना एकदा बघू दे, त्यांच्या बाईंना पायाने उत्तर देणारा कुणी होता म्हणून. लहानपणी चमच्याने ताट, ग्लास, माझं डोकं, काही म्हणून ठोकायचं सोडलं नाहीस, त्याचं काहीतरी झालं हे तरी कळेल त्यांना.

इथलं म्हणशील तर तेच. खाली ड्रायक्लीनिंगचं दुकान, वर आमचा दणदणाट. दुकानदार वैतागला की काठीने छत ठोकतो, आणि मुली त्याला तालात उत्तर देतात. परवा एक गंमत झाली. नोटीसबोर्डाची पिन माझ्या चपलेतून वर आलेली आणि मी तशीच सगळा तास फिरले! एका मुलीने दाखवली तेव्हा कळलं. मुली हसून हसून लोळल्या. म्हणाल्या, बाईंचे तळवे लोखंडाचे आहेत.

एकच तक्रार. हल्ली फळीचा आवाज माझ्यापर्यंत नीट येत नाही. पूर्वी कसा चवड्यातून सरळ वर चढायचा, तसा चढत नाही. वय झालं, दुसरं काय.

फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू ‘बघू’ म्हणतोस. कागदावर ‘बघू’ लिहायची तुला लाज वाटेल, एवढीच आशा.

तुझी ताई


१९ ऑगस्ट

प्रिय ताई,

नमस्कार. बघू.

लाज वाटली, पण लिहिलं. नोव्हेंबर म्हणजे आमच्या दौऱ्याचा महिना गं. पाच गावं, रोज खेळ, आणि सुट्टीचं नाव काढलं की मॅनेजरचा चेहरा असा होतो की आपल्यालाच त्याला पाणी द्यावंसं वाटतं. दुसऱ्या अंकात दोन नाच माझ्यावर आहेत. मी नसलो तर बदली कोण करणार? तू रागावशील हे माहीत आहे. रागाव. पण दुसरी कुणी जोडीला मिळते का तेही बघ. तुझ्या थोरल्या मुलींपैकी एखादीला घे ना.

तुझ्या लोखंडी तळव्यांची गोष्ट मी इथे कपडेपटात सगळ्यांना वाचून दाखवली. शिंपी तर सुई बाजूला ठेवून हसला. म्हणाला, या बाईंना आमच्याकडे आणा, इथे दिवसातून चार पिना जमिनीवर असतात.

आवाजाचं म्हणशील तर वयबिय काही नाही. तू अजून त्या मास्तरांच्या वेळच्याच धातूच्या पट्ट्या बुटाच्या तळाला लावून नाचतेस ना? चवड्याखालची तर झिजून कागद झाली असेल. पट्टी मेली की फळी बोलत नाही, हे तूच मला शिकवलंस आणि तूच विसरलीस. म्हातारी तू नाहीस, तुझ्या पट्ट्या झाल्यात.

तब्येत सांभाळ. गोड खाणं कमी केलंस का? की अजून डब्यात हात घालून खातेस?

तुझा टक्या


२ सप्टेंबर

टक्या,

‘प्रिय’ मुद्दाम गाळलंय, लक्षात आलं असेलच.

दुसरी कुणी मिळते का बघ म्हणे! ‘सवालजवाब’ मास्तरांनी आपल्या दोघांवर बसवला. मी कुणाला विचारू आणि कुणी उत्तर द्यायचं? थोरली मुलगी चांगली नाचते, पण माझ्याकडे बघून नाचते. मला समोर असा हवाय ज्याच्याकडे मी बघू शकेन.

पट्ट्यांचं काही नाही रे. त्या बऱ्या आहेत.

हे बघ, मी कधी कुणाला विनवलेलं तुला आठवतं का? मास्तरांनी सगळ्यांसमोर कानाखाली दिली तेव्हासुद्धा मी तोंड उघडलं नाही. आता विनवतेय. तुला अवघड काही करायचं नाही. पायऱ्यांचा तुकडा नको तर नको, गाळू. तू नुसता माझ्यासमोर उभा राहा आणि साधे ठोके दे. तुझे पाय दिसले की माझे पाय कुठे पडतायत ते मला कळतं. एकटीने मला हे जमणार नाही. झालं समाधान? लिहून दिलं तुला. वाटल्यास तेही कपडेपटात वाचून दाखव.

एक दिवस. चार दिवस प्रवासाचे धर, म्हणजे पाच. तुझ्या मॅनेजरला सांग, बहीण मरायला टेकलीय. मला चालेल.

ताई


१६ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. कुणालाही दाखवलं नाही.

मी येऊ शकत नाही. किती वेळा लिहिलं तरी तेच येणार, म्हणून एकदाच लिहितो. दौऱ्याच्या याद्या लागल्या आहेत आणि त्यात माझं नाव आहे.

एकटीने जमणार नाही हे तू म्हणूच नकोस. मास्तरांच्या शोकसभेत पियानो बंद पडला होता, आणि तू वीस मिनिटं नुसत्या पायांवर सभा धरून ठेवलीस. मी विंगेत उभा राहून रडत होतो, तुझा एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. तुला जोडीदार नको आहे, तुला धीर हवाय. तो मी पाठवतोय.

सोबतच्या खोक्यात पट्ट्यांचा जोड आहे. चवड्याच्या दोन, टाचेच्या दोन. इथल्या कारागिराकडून खास नव्या करून घेतल्या, तुझ्या मापाच्या. बाराच्या बारा स्क्रू कागदाच्या पुडीत आहेत. तुझ्या बुटाच्या तळाला आहेत तीच भोकं जुळतील. जुन्या काढ आणि या घट्ट आवळ. अर्थात तुझ्याच हाताने, नाहीतर मास्तर वरून शिव्या घालतील. मग फळी कशी बोलते बघ, आणि मला कळव.

रागावली असलीस तरी कळव.

तुझा टक्या


३० सप्टेंबर

प्रिय टक्या,

हरले बाबा. प्रियच.

पट्ट्या मिळाल्या. दोन दिवस रागाने खोकं उघडलं नाही, तिसऱ्या दिवशी मुलींनीच उघडायला लावलं. जमिनीवर फतकल मारून बसले आणि स्वतःच्या हाताने बाराच्या बारा आवळले. मुलींना मास्तरांचा नियम सांगितला, आपल्या बुटाला दुसऱ्याचा हात लागता कामा नये. आणि बसवल्यावर आत बोट घालून चाचपायचं नाही. बूट पायात घालायचा आणि दहा ठोके मारायचे. स्क्रू वर आला असेल तर पाय सांगतो. एकीने विचारलं, “बाई, बोटाने बघितलं तर काय बिघडतं?” मी म्हटलं, तू बोटांवर नाचणार आहेस का? दहा ठोके मारले. पायाची काही तक्रार नव्हती.

आणि आवाज! अरे, काय आवाज दिलाय त्या कारागिराने! पियानोवाल्या बाई वाजवायच्या थांबल्या. खालचा दुकानदार काठी घेऊन वर आला आणि दारातच उभा राहिला. पूर्वीसारखा पायातून वर चढत नाही म्हणा, पण कानाने इतका स्वच्छ येतो की त्याच्यावर चालून जातं. आता मी आरशात बघून आणि कानाने ऐकून नाचते. तर ठरलं. एकटीच करणार. सवालही माझे आणि जवाबही माझे. तुझ्या नाकावर टिच्चून करणार.

रोज दुपारी मुली यायच्या आधी दोन तास घासतेय. दमायला होतं. तीन-चार दिवस कणकण आहे, गोळी घेतली की उतरते. बुटाचं अस्तर रंग सोडायला लागलंय बहुतेक, उजव्या मोज्याला रोज तपकिरी डाग. बूट जुने, पट्ट्या नव्या, असं झालंय.

तुझ्या दौऱ्याला शुभेच्छा. मनापासून देतेय, टोमणा नाही.

तुझी ताई


२१ ऑक्टोबर

प्रिय ताई,

माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. क्लासवर फोन केला, नुसता वाजत राहतो. तू तालमीत बुडाली असशील हे कळतं, पण दोन ओळी लिहायला काय जातं? कणकण गेली का? डॉक्टरकडे गेलीस का, की गोळ्याच खातेयस?

मला उगीचच चैन पडत नाहीये. रागावून का होईना, लिही.

टक्या


२ नोव्हेंबर

स. न.

आपली माझी ओळख नाही. मी आपल्या ताईंच्या क्लासमध्ये पंधरा वर्षं पियानो वाजवते. त्यांनी आपल्याला कळवायला सक्त मनाई केली होती. “भाऊ दौऱ्यावर आहे, त्याचा ठेका चुकेल,” असं त्या म्हणत होत्या. पण आता न कळवणं मला पाप वाटतं.

ऑक्टोबरच्या पाच तारखेला त्या क्लासमध्ये चक्कर येऊन पडल्या. अंगात ताप होता. बूट काढला तेव्हा मोजा रक्ताने आणि पुवाने चिकटलेला होता. चवड्याला तीन जखमा होत्या, खोल, आणि पाऊल घोट्यापर्यंत काळंनिळं पडलं होतं. मुली तिथेच होत्या, त्यांना बाहेर काढायचं मला सुचलं नाही. दवाखान्यात आधी बोटं काढली. विष हाडात उतरलं होतं, म्हणून पंधरा दिवसांनी उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

जिवावरचं टळलं आहे असं डॉक्टर म्हणतात. त्या शुद्धीवर आहेत, जेवतात, फक्त बोलत नाहीत. कार्यक्रम रद्द केल्याची नोटीस मी दारावर लावली.

आपण मोठ्या कामाचे, तरी जमेल तसं यावं.

आपली,
पियानोवाल्या बाई (त्या मला अशाच म्हणतात)


१४ नोव्हेंबर

टक्या,

वॉर्डात तुझे चार फोन आले. मी घेतले नाहीत. नर्सने सांगितलं, तू म्हणालास पहिल्या गाडीने निघतो. निघू नकोस. आधी हे वाच.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरने मला डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाला, तळव्याला नायलॉनचा दोरा टेकवतो, कळलं की ‘हो’ म्हणा. मी डोळे मिटून बसले. वाट बघत राहिले. शेवटी म्हटलं, डॉक्टर, सुरू करा की. तो म्हणाला, संपलं. दोन्ही पायांवर मिळून वीस वेळा टेकवून झालं होतं.

साखरेने पाय गेले होते रे. बधिर. तो म्हणाला होता, कडक बूट बंद, नाच बंद, रोज तळवे आरशात बघायचे. मी ती चिठ्ठी कपाटात टाकली आणि दुसऱ्या दिवशी क्लासला गेले. कुणालाच सांगितलं नाही. टॅप शिकवणाऱ्या बाईला पाय लागत नाहीत हे कुणाला सांगू? मुली आल्या असत्या का? ती पिनेची गंमत गंमत नव्हती. मी घरी जाऊन ओक्साबोक्शी रडले होते. तुला जोडीला बोलावत होते ते यासाठी. तुझे पाय बघून नाचले असते आणि शेवटचं नीट झालं असतं. पट्ट्या मी कुठे मागितल्या होत्या?

आता दुसरं ऐक. पियानोवाल्या बाई माझे बूट घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेल्या होत्या. त्याने उजव्या बुटाचं अस्तर उचललं. चवड्याचे तिन्ही स्क्रू आत तांदळाच्या दाण्याएवढे वर आले होते. तो म्हणाला, “हे बायकांच्या बुटाचे नाहीत. दुहेरी तळाच्या पुरुषी बुटाचे आहेत, तळ जाड म्हणून स्क्रू लांब. या बुटाचा तळ एकेरी. डाव्याला मागे कधीतरी जादा चामडं बसवलंय, म्हणून तो पाय वाचला. पट्ट्याही नव्या नाहीत, पॉलिश केलंय. उजवी बघा, आतल्या कडेने झिजलीय.”

आतल्या कडेने कोण मारतं हे मला माहीत नसेल? दहा वर्षं मी ओरडत होते तुझ्यावर त्या कडेसाठी. आपल्या बुटाच्या पट्ट्या नाचणारा माणूस जिवंतपणी दुसऱ्याला देत नाही. मग मी तुझी सगळी पत्रं मागवून घेतली आणि पडल्या पडल्या पुन्हा वाचली. सगळीकडे कपडेपट आहे. रंगमंचावरची एकही गंमत नाही.

कधीपासून नाचत नाहीस?

आणि दुसरा प्रश्न. पुडी बांधताना स्क्रू बघितले होतेस का?

येऊ नकोस. आलास की तू माझ्या पायाकडे बघणार, मी तुझ्याकडे बघणार, दोघं रडणार, आणि परत ‘तसं ठीक आहे’ म्हणणार. आपल्याला तेवढंच येतं. लिही. खरं लिही, मग काय ते बघू.

ताई


२० नोव्हेंबर

ताई,

दोन वर्षं आणि चार महिने झाले. तालमीत पायरीवरून उतरताना डावा गुडघा फिरला. दोनदा कापला. आता जिना एकेक पायरी करत उतरतो. कंपनीने दया केली आणि कपडेपटात ठेवलं. बटणं लावतो, बुटांचे तळ आणि पट्ट्या बघतो. दौऱ्याच्या यादीत माझं नाव खरंच आहे, सामानवाल्यांच्या खाली. तुझ्या पत्रात दर वेळी ‘माझा भाऊ पहिल्या रांगेत’ असायचं. तू ते मुलींना सांगतेस, आयांना सांगतेस, दुकानदाराला सांगतेस. मला ते पुसता आलं नाही. तुझ्यासमोर उभा राहिलो असतो तर पहिल्या पावलाला तुला कळलं असतं, म्हणून आलो नाही. नुसते साधे ठोके दे म्हणालीस, ते मला बसूनही देता आले असते. पण मी आलो नाही.

पट्ट्या माझ्या आहेत. आपला पाय एकाच मापाचा, म्हणून तुला बसल्या. तुला काहीतरी माझं पाठवायचं होतं, आणि माझं म्हणण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. तीन संध्याकाळी पॉलिश केलं.

दुसरा प्रश्न.

हो. बघितले होते. हातात घेऊन बघितले होते. ते तुझ्या तळाला लांब पडणार हे मला कळलं होतं. माझं दिवसभराचं कामच ते आहे. एकेरी तळाचे छोटे स्क्रू माझ्याच खणात होते, उजवीकडे, हात लांब केला असता तर मिळाले असते. पण ते नवे कोरे होते. माझ्या पट्ट्यांची भोकं वापरून रुंद झालेली. त्यात नवा चकचकीत स्क्रू दिसला की तुला लगेच कळलं असतं, पट्टी जुनी आहे आणि टक्या खोटं बोलतोय. म्हणून जुनेच पुडीत बांधले.

मला वाटलं, पहिल्याच ठोक्याला तुला टोचेल. तू मला शिव्या घालशील, त्या कारागिराला शिव्या घालशील आणि आपल्या डब्यातले जुने छोटे काढून लावशील. कुणीही नाचणारा तेच करेल. मग तुझं पत्र आलं, आवाज काय सुरेख म्हणून. टोचल्याचं काहीच नव्हतं त्यात. मला चमकल्यासारखं झालं. विचारावंसं वाटलं, स्क्रू बदललेस ना? विचारलं असतं तर मला आधीपासून माहीत होतं हे तुला कळलं असतं. म्हणून मी विचारलं नाही. तुझ्या मोज्यावरच्या डागाची ओळ मी त्याच पत्रात वाचली, ताई. वाचली आणि पत्र घडी करून ठेवलं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुला खरं हवं होतं. हे खरं आहे.

टक्या


२७ नोव्हेंबर

टक्या,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, भिंतीवर फेकून मारलं, आणि मग नर्सला उचलून द्यायला सांगितलं. मला आता जाऊन उचलता येत नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही हेही सांगू शकत नाही. चिठ्ठी मी लपवली, नाच मी थांबवला नाही, ते सगळं माझं. ते मी भोगीन. पण डाग वाचून तू पत्राची घडी घातलीस, ते तुझं आहे. सकाळपासून तीन कागद फाडले. जे म्हणायचंय ते लिहिता येत नाहीये. मला ओरडायचंय. इतकं की अख्खा वॉर्ड उठून बसेल. पत्रात ओरडता येत नाही.

ये.

ताई